मरणाचा विचार कशासाठी करायचा?

इथे आपण एरवी रक्तदाब, साखर, सर्पदंश, पावसाळ्यातले जुलाब यांबद्दल बोलतो. आजचा विषय या सगळ्यांच्या मागे उभा असतो, पण त्याचं नाव काढलं की घरातलं कोणीतरी पटकन म्हणतं, "शुभ बोल रे नाऱ्या!" वास्तू तथास्तु म्हणते अशी आपल्याकडे समजूत. त्यामुळे विमा काढताना, सातबाऱ्यावर वारस लावताना, अगदी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करतानासुद्धा आपण तो शब्द गिळतो. "काही बरंवाईट झालं तर" इथपर्यंत येतो आणि थांबतो.

मी पेठला दवाखाना चालवते. नाशिकपासून साधारण ५५ किलोमीटर, गुजरातच्या हद्दीला लागून असलेला आमचा तालुका. भात, नागली, वरई यांची शेती, पावसाळ्यात धो-धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. गंभीर पेशंट नाशिकला पाठवायचा तर घाट ओलांडून जावं लागतं, आणि तिथून "आता घरीच न्या" असं सांगून परत पाठवलेला पेशंट पुन्हा माझ्याकडेच येतो. त्या परत आलेल्या माणसांनी मला जे शिकवलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही आज धडधाकट असाल तर जास्तच लक्ष देऊन वाचा.

आधी एक गैरसमज दूर करू. मरणाची आठवण झाली की माणूस आपोआप शहाणा होतो, असं प्रवचनांतून ऐकायला मिळतं. तसं होत असतं तर २०२१ च्या उन्हाळ्यानंतर आपण सगळे संत झालो असतो. कोविडची दुसरी लाट आठवा. २१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. स्मशानात जागेसाठी थांबावं लागत होतं. त्या दोन महिन्यांत माझ्यासमोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण म्हणायचा, "यातून वाचलो ना, तर आता नीट जगणार." दिवाळीपर्यंत त्यांच्यातल्या कितीतरी जणांची बांधावरची भांडणं पुन्हा तहसीलला पोहोचली होती. आपल्या भाषेत याला फार चांगला शब्द आहे: स्मशानवैराग्य. चितेच्या धगीत येतं आणि घरी येऊन आंघोळ केली की जातं.

मानसशास्त्रज्ञांनी तर याहून कडू गोष्ट मांडली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरातले २२ न्यायाधीश घेतले. निम्म्यांना स्वतःच्या मरणाबद्दल थोडं लिहायला सांगितलं, निम्म्यांना नाही. मग सगळ्यांपुढे वेश्याव्यवसायाच्या आरोपाचं एकच प्रकरण ठेवलं आणि जामिनाची रक्कम ठरवायला सांगितली. मरणाबद्दल लिहिलेल्यांनी सरासरी ४५५ डॉलर ठरवले, बाकीच्यांनी ५०. म्हणजे मरण आठवल्यावर माणसं मवाळ होण्याऐवजी आणखी कडक झाली. याच विचारावर बेतलेल्या दुसऱ्या एका गाजलेल्या प्रयोगाची पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून फेरतपासणी केली, तेव्हा तसा परिणाम हाती लागला नाही. त्यामुळे या आकड्यांवर मी पैज लावणार नाही. पण भेदरलेला माणूस आपलं ते अधिकच घट्ट धरून बसतो, हे मात्र दवाखान्यात रोज दिसतं.

मग उपयोग कशाचा होतो? एका बाबांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सत्तरीतले बाबा. अन्ननलिकेचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. नाशिकला तपासण्या झाल्या, गिळता यावं म्हणून आत नळी बसवली आणि घरी पाठवलं. मार्च महिना होता. थोरला मुलगा मला दाराबाहेर घेऊन गेला. "बाई, बापाला काही सांगू नका. हाय खाईल."

आत गेले तर बाबाच म्हणाले, "बाई, तू खरं सांग. औंदाचा भात मी पाहीन का नाही?"

(आमच्याकडे पाड्यांवर सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. तहसीलदारालाही. नाशिकहून नव्याने आलेल्या डॉक्टरांना आठवडाभर ते खटकतं, मग बाकी कुठलं संबोधन खोटं वाटायला लागतं.)

मी विचारलं, "किती सांगू बाबा? सगळं का थोडं?"

"सगळं सांग. माझंच मरण ना ते."

मी सांगितलं, आवणी बघाल असं वाटतं, कापणीचं सांगता येत नाही. थोरला दारात उभा राहून ऐकत होता. बाबांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी फक्त विचारलं, "मग दुखायचं थांबव ना आधी. काही सुचत नाही."

हे वाक्य मी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त मानते. दुखणं अंगात घुसलेलं असताना कोणी मरणाचं चिंतन वगैरे करत नाही, तो फक्त पुढची गोळी कधी याचा विचार करतो. म्हणून पहिलं काम दुखणं आवरण्याचं. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. "ते अफूचं, व्यसन लागेल" ही भीती घराघरांत आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात घेतलं तर व्यसनाचा धोका फार कमी असतो. बद्धकोष्ठता मात्र जवळजवळ हमखास होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांचं जंजाळ कमी झालं, तरी आमच्यासारख्या तालुक्यात या गोळ्या दुकानात सहज मिळत नाहीत, नाशिकहून आणवाव्या लागतात. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर "वेदनाशामक उपचार कुठे मिळतील?" हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. इंग्रजीत याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हात टेकल्यावर करायची ती मलमपट्टी आहे असं समजू नका.

दोन रात्री झोप लागल्यावर बाबा बोलायला लागले. त्यांनी तीन कामं सांगितली.

पहिलं काम वनपट्ट्याचं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली ही जमीन वारसांकडे जाते, पण विकता येत नाही, आणि पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. दोघा मुलांत खालच्या खाचरावरून धुसफूस होती. बाबांना बाजेवर घालून मुलांनीच शेतावर नेलं. त्यांनी बोट दाखवायचं, नातवाने तिथे दगड ठेवायचा. सरकारी मोजणी नव्हती ती, बापाने दाखवलेली खूण एवढंच. निम्मं झाल्यावर म्हातारी म्हणाली, "कागदावर माझंही नाव आहे. पोरीचा वाटा काढा." तासभर वाद झाला. वाटा निघाला.

दुसरं काम बहिणीचं. ती धरमपूरकडे दिलेली, अकरा वर्षं बोलणं बंद. कारण बैलजोडी. निरोप गेला, ती आली, चार दिवस राहिली. मी घरी गेले तेव्हा दोघं त्याच बैलजोडीवरून भांडत होते. किती रुपयांना, कोणाच्या सांगण्यावरून, सगळं दोघांनाही तोंडपाठ. मधेच तिने उठून त्यांना नागलीची पेज पाजली आणि भांडण पुढे सुरू झालं. अकरा वर्षांचा साठा होता, चार दिवस पुरला.

तिसरं काम उचलीचं. आमच्याकडची माणसं टोळीने दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जातात, मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतात, तिला उचल म्हणतात. बाबांनी धाकट्याच्या लग्नात घेतलेली उचल फिटली नव्हती आणि ती धाकट्याच्या अंगावर पडू नये अशी त्यांची इच्छा होती. दोन बोकड विकले. उरलेल्या रकमेचं मुकादमाने घरी येऊन बाबांसमोर ठरवलं.

आवणी त्यांनी दारात टाकलेल्या बाजेवरून पाहिली. श्रावणात गेले, घरीच. शेवटचे तीन दिवस ग्लानीत होते, दुखत नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, यात अर्थपूर्ण जगणं कुठे आलं, ही तर व्यवहाराची कामं. मला वाटतं अर्थ तिथेच असतो. बाबांनी मरणाचा विचार केला म्हणजे नेमकं काय केलं? उरलेले दिवस साधारण मोजले आणि त्या दिवसांत कोणाची नावं येतात ते पाहिलं. मुलगे, मुलगी, बहीण, मुकादम. "आयुष्य क्षणभंगुर आहे" असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

लॉरा कार्स्टनसेन नावाच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ आहेत. पुढे भरपूर वेळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस नव्या ओळखी, नवी माहिती, नवी संधी यांच्या मागे असतो, आणि वेळ थोडा आहे असं जाणवलं की जवळच्या, जिव्हाळ्याच्या माणसांकडे वळतो, असं त्यांच्या संशोधनातून दिसलं. वाटायला हे वयाचं लक्षण वाटतं. पण त्यांच्या गटाने १९९७ च्या आसपास हाँगकाँगमध्ये पाहणी केली. ब्रिटिशांकडून शहर चीनकडे जायचं होतं, एक काळ संपत असल्याची भावना सगळ्यांना होती. तेव्हा तिथली तरुण मुलंसुद्धा म्हाताऱ्यांसारखी ओळखीच्या, आपल्या माणसांना पसंती देत होती. हस्तांतर होऊन गेलं, शहर तिथेच राहिलं, आणि तरुणांची निवड पुन्हा पूर्वीसारखी झाली. म्हणजे वयापेक्षा "किती वेळ उरलाय" या जाणिवेवर बरंच अवलंबून असतं. ती जाणीव तिशीतही होऊ शकते, आणि ती टिकवायची तर पुन्हापुन्हा आठवावी लागते.

आता उलट बाजू. एक निवृत्त शिक्षक होते, आश्रमशाळेत आयुष्य गेलेलं. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मुलं शहरात, शिकलेली, प्रेमळ. त्यांनी मला, नाशिकच्या डॉक्टरांना, शेजाऱ्यांनाही बजावलं होतं की गुरुजींना अल्सर आहे एवढंच सांगायचं. मी मुलांशी दोनदा बोलले. "त्यांना सहन होणार नाही" यापुढे गाडी जाईना.

गुरुजींना सगळं माहीत होतं. फाईल त्यांनी वाचली होती. एकदा मुलगा औषधं आणायला गेल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर, मी विचारलं तर पोरांना माझ्यासमोर रडावं लागेल. त्यापेक्षा अल्सर बरा." बाप मुलांना जपत होता, मुलं बापाला. एका घरात सगळे जण एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

गुरुजींकडे सात वह्या होत्या. तीस वर्षं ते कोकणा बोलीतले शब्द, झाडापाल्याची नावं, लग्नातल्या गाण्यांची माहिती लिहून ठेवत होते. अक्षर बारीक, खुणा त्यांच्या त्यांनाच कळणाऱ्या. नातीला बसवून त्या वह्या समजावून द्यायच्या असं त्यांच्या मनात होतं. पण ते सुरू करायचं म्हणजे "घाई का?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागलं असतं. अल्सरच्या पेशंटला कसली घाई? पुढे त्रास वाढला, मुलांनी त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं, आणि शेवटचे नऊ दिवस नळ्यांमध्ये, बोलता न येता गेले. वह्या अजून आहेत. नात आता कॉलेजात आहे, तिने मला त्यातली काही पानं आणून दाखवली. बऱ्याच खुणांचा अर्थ लागत नाही.

मुलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांच्या मनातली भीती खरी असते: सांगितलं तर माणूस खचेल आणि लवकर जाईल. पण याबद्दल एक नावाजलेला अभ्यास आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली. म्हणजे वेदना आवरणं आणि सोबत आजाराबद्दल, पुढच्या निर्णयांबद्दल मोकळं बोलणंही. या गटातल्या रुग्णांमध्ये नैराश्य कमी होतं, शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी झाले, आणि ते जगलेही जास्त: मध्यक ११.६ महिने, दुसऱ्या गटात ८.९. प्रत्येक कॅन्सरमध्ये आयुष्य वाढेल असा याचा अर्थ नाही. पण बोलल्याने माणूस लवकर मरतो, ही समजूत या अभ्यासापुढे टिकत नाही.

काही जणांना खरंच जाणून घ्यायचं नसतं. तोही त्यांचा हक्क. म्हणून नातेवाइकांच्या म्हणण्यावर विसंबण्याऐवजी पेशंटलाच विचारायचं: तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? या प्रश्नाला "माझ्या मुलाला सांगा, मला नको" असं उत्तर आलं की मी तिथे थांबते.

आता तुमच्याकडे येऊ. तुम्हाला कॅन्सर नाही, घाई नाही. तरीही एका रविवारी दुपारी कागद घेऊन बसा. "माझ्याकडे एक वर्ष आहे" असं समजून पुढच्या महिन्यात कोणाला भेटाल, काय फेडाल, कोणाला काय शिकवून ठेवाल, ते नावानिशी लिहा. "कुटुंबाला वेळ देईन" असं लिहू नका, त्याला काही अर्थ नसतो. "दर गुरुवारी आत्याला फोन" असं लिहा. मग त्यातलं एक काम त्याच आठवड्यात करून टाका, कारण केलं नाही तर ते स्मशानवैराग्यच. माझ्या अनुभवात हे काम लोकांना अवघड जातं, पण भीतीमुळे फारसं नाही. यादी फार छोटी निघते आणि त्यात आपण रोज ज्यासाठी धावतो त्यातलं फारसं काही नसतं, याचाच धक्का बसतो.

दुसरा कागद कायद्याचा. अरुणा शानबाग हे नाव तुम्हाला आठवत असेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. १९७३ मधल्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये त्यांच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न ऐरणीवर आला. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य झाला, आणि आपण शुद्धीवर असतानाच लेखी इच्छापत्र करून ठेवायची सोय झाली. बरं होण्याची आशा उरली नसेल आणि मला बोलता येत नसेल, तेव्हा व्हेंटिलेटरसारखे उपचार हवेत की नकोत, आणि माझ्या वतीने कोणी बोलायचं, हे त्यात लिहायचं. २०२३ च्या जानेवारीत न्यायालयाने पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. अठरा वर्षांवरचा कोणीही करू शकतो, केव्हाही बदलू शकतो. "इंजेक्शन देऊन संपवणं" याच्याशी याचा काही संबंध नाही, ते आपल्याकडे गुन्हाच आहे. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत घ्यावं लागतं.

एक सावधगिरी. मरणाचा विचार करणं आणि मरावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाचताना "सुटलो तर बरं" असं मनात येत असेल, झोप उडाली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर कागद बाजूला ठेवा. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. जवळच्या डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

माझा स्वतःचा कागद मी गेल्या वर्षी केला. नवऱ्याने वाचला, दोन प्रश्न विचारले, सही केली. मुलगा एकोणीस वर्षांचा. त्याला दाखवायला मी आठवडाभर योग्य वेळ शोधत होते. शेवटी जेवताना दिला. त्याने शेवटपर्यंत वाचला, थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आई, यात माझा जुना नंबर आहे." आणि पेन घेऊन बदलला.